घरातल्या घरात एकशे चाळीस किलोमीटर

मुलाच्या व्यायामाचा प्रश्न मी कायमचा सोडवला होता. निदान पावणेतीन महिने तरी तो सुटलेला होता, आणि आमच्या ऑफिसात एवढा काळ कुठलाच प्रश्न सुटलेला राहत नाही.

आमचा निलय नऊ वर्षांचा. विमा कंपनीने साताऱ्याहून माझी बदली जयपूरला केली, आम्ही दुर्गापुऱ्यात घरमालक शर्माजींच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो आणि निलयची कांद्याच्या कचोरीशी ओळख झाली. दोन वर्षांत शाळेची पँट तीनदा नवी घ्यावी लागली. माझी बायको सुनंदा म्हणाली, याला रोज पहाटे साडेपाचला मैदानावर पळायला न्या. न्या म्हणजे मी! जयपूरच्या थंडीत!

मी तिला समजावलं की माझा भाऊ दिवाळीला अमेरिकेहून एक नवा व्हिडिओ गेम आणतोय. रिमोट हातात धरून जागच्या जागी पळायचं, की टीव्हीतला माणूसही पळतो. पोरगं हसतखेळत बारीक होईल, आणि तेही रजईच्या दिवसांत, घरातल्या घरात.

सुनंदाने अट घातली. सव्वीस जानेवारीला महाराष्ट्र मंडळाची सहल कानोत्याच्या धरणावर जाणार होती. तिथल्या मुलांच्या शर्यतीत निलयने शेवटपर्यंत पळून दाखवायचं. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून साडेपाच.

गेम आला. टीव्हीने नाव विचारलं, निलयने स्वतःचं घातलं. मी पळून दाखवलं.

"मतलब, गुडघे किती उचलायचे?" त्याने विचारलं.

मी परत दाखवलं. दुसऱ्या दिवशी तो वळणावर कसं पळायचं ते विसरला होता. मी पुन्हा दाखवलं. मूल शंका विचारतंय, याचा मला आनंदच झाला.

आठवड्याने शर्माजी वर आले. खाली त्यांचं झुंबर हलत होतं. "भाईसाहब, बच्चे को थोड़ा समझाइए," ते फार सभ्यपणे म्हणाले. मी निलयला समजावलं. त्याला ते ताबडतोब पटलं. दुपारी मी ऑफिसात आणि सुनंदा बँकेत असताना तो अगदी हलक्या पावलांनी पळणार होता. संध्याकाळी मी फक्त नमुना दाखवायचा. नमुना मी रोज तब्येतीत दाखवत असे.

पडद्यावर निलयच्या नावापुढचा आकडा वाढत गेला. माझा पट्टाही दोन भोकं आत गेला, पण त्याला मी ऑफिसातला ताण समजलो. जानेवारीच्या मध्यावर एकशे चाळीस किलोमीटर झाले. मला राहवलं नाही. मंडळाचे चिटणीस सुधाकरराव यांना मी आकडा कळवला. त्यांनी निलयला थेट बारा वर्षांच्या गटात घातलं आणि सहलीच्या पत्रकात 'आपला धावपटू' म्हणून छापलं.

कानोत्याला शिट्टी झाली. मुलं सुटली. निलय वीस पावलं पळाला, थांबला, वळला आणि सगळ्या मंडळासमोर शांतपणे चालत माझ्याकडे आला.

"बाबा, आता तुम्ही," तो म्हणाला. "मी स्कोअर बघतो."

सुधाकररावांनी हातातल्या पत्रकाची घडी घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अरे, मग दुपारी कोण पळत होतं?"

"कोणीच नाही. शर्माजी झोपतात ना."

सुनंदा माझ्या पट्ट्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"साडेपाच," ती म्हणाली.

तेव्हापासून आम्ही बापलेक रोज पहाटे मैदानावर असतो. पहिले दोन दिवस निलय खरोखर पळाला. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, थंडीत पळताना श्वास कसा घ्यायचा. मी दाखवलं.

काल माझ्या अकरा फेऱ्या झाल्या. हा नवा विक्रम आहे, असं बाकावर बसून, कानटोपी सावरत निलयने वहीत लिहून ठेवलंय. स्वतःच्या नावावर.