कड्यावरचं शेवाळ

कादंबऱ्यांतले खलनायक शेवटी ज्या कड्यावरून पाय घसरून पडतात, त्या कड्यावर शेवाळ राखायची नोकरी मी अकरा वर्षं करते आहे. काम सोपं आहे. रोज झऱ्याचं पाणी शिंपडायचं, आठवड्यातून दोनदा आंबट ताक ओतायचं, ऊन फार झालं की वर ओलं गोणपाट टाकायचं. धुकं आपलं आपण येतं, त्याला कोणी नेमलेलं नाही.

नियमही सोपा. खलनायकाने मागे सरकत शेवाळावर यायचं आणि नायकाने चुन्याच्या रेघेवर उभं राहून त्याला वाचवायला हात पुढे करायचा. हात वीतभर कमी पडतो. रेघच तशी आखली आहे. खलनायक मरतो, नायकाचा निरागसपणा शाबूत राहतो. निरागसपणा गेला तर मोठी पंचाईत होते. शेवटच्या पानावर नायक घरी पोचतो, पण आई त्याला ओळखत नाही.

परवा दुपारी केतकी आली. सतरा वर्षांची, दोनशे बारा पानं चालून पाय सुजलेले. तिच्यापुढे सरदार कराळे. त्याने तिच्या बापाची नाव भर पुरात बुडवली होती, बापासकट. तसा माणूस शिस्तीचा. गुळगुळीत तळव्यांचे जोडे घालून आला होता.

केतकी रेघेवर उभी राहिली नाही. तिने वाकून शेवाळाला बोट लावलं.

"मावशी, हे ओलं कसं? पाऊस तर नाही."

"मी पाणी घालते."

"म्हणजे हा घसरणार, हे तुला ठाऊक आहे. आणि आता मलाही."

"ठाऊक असलं म्हणून काय झालं? तू हात पुढे कर. नियमात तेवढं पुरतं."

"मग पाप कुणाला लागतं?"

"पगारी माणसाला लागत नाही, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय."

"तुझी आई तुला ओळखते?"

पोरगी भलतीच आगाऊ. "मी घरी जात नाही," मी म्हटलं. "रजा मिळते, पण घेत नाही." मला तिचा राग आला. अकरा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

केतकीने माझं खुरपं उचललं आणि शेवाळ खरवडायला घेतलं. कराळे अदबीने बाजूला सरला. खालून कोरडा, खरखरीत दगड निघाला.

"सरदार, तुम्हाला सोडलं तर सुधाराल?"

कराळ्याने खरोखर विचार केला. "नाही गं," तो म्हणाला. "आषाढात दुसरी नाव बुडवीन. मला लिहिलंयच तसं."

"मग इथे उभे राहा."

तो उभा राहिला. पाय काही घसरला नाही. केतकीने दोन्ही हातांनी त्याला ढकललं. धुक्यात तो बराच वेळ खाली जाताना दिसत होता.

"अगं, काय करून बसलीस!" मी ओरडले. "वीतभराचा तर प्रश्न होता!"

"नाव माझ्या बापाची होती, मावशी. तुझ्या नव्हे."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिच्याबरोबर निघाले. तिला एकटीला सोडवेना. शेवटचं पान नदीकाठाने जातं. पाणी इतकं संथ होतं की आम्ही चालतोय की काठ चालतोय ते कळत नव्हतं. वाटेत तिने हात धुतले, बऱ्याच वेळा.

दार तिच्या आईने उघडलं. दोघींकडे सारख्याच नजरेने पाहिलं.

"कोण गं तुम्ही? लांबून आलात?"

"हो, काकू," केतकी म्हणाली.

"दमलेल्या दिसता. चार घास खाऊन जा."

नाचणीची भाकरी होती, सुक्या मासळीचं कालवण होतं. आईने तिसरं ताट वाढून झाकून ठेवलं.

"हे माझ्या लेकीचं. आज यायचीय."

"कशी आहे ती?" केतकीने विचारलं.

"तुझ्याएवढीच. पण जीव फार हळवा. मुंगीवर पाय पडला तरी दिवसभर जेवायची नाही."

"मग येईलच," केतकी म्हणाली.

मी निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. केतकीने ओसरीवर घोंगडी अंथरली, आईच्या शेजारी बसली, आणि दोघी केतकीची वाट बघू लागल्या.