सुगराबींना संगणक येतो, ही अडचण

धुळ्यातल्या एका सहकारी कापूस संघाच्या कचेरीत १९९१ साली संगणक आला आणि पाठोपाठ परिपत्रक आलं. टंकलेखनाचं काम बंद. दिवाळीपर्यंत जो संगणक शिकेल तो कचेरीत राहील. बाकीच्यांची बदली धरणगावच्या गोदामावर.

टंकलेखिका सुगराबींची दोन मुलं धुळ्यातच शाळेत होती. त्यांनी त्याच दुपारी संगणकावरचं प्लास्टिक काढलं. मॅनेजरसाहेब धावत आले.

"हात लावू नका! अभ्यास व्हायचाय."

"तोच तर करतेय, साहेब."

"तुम्ही करायचा नाही. तुमचा होणार आहे."

जळगावचे प्राध्यापक यादव महाजन 'बदलत्या कार्यपद्धतीत प्रौढांचे शिक्षण' या विषयावर पीएच.डी. करीत होते आणि वरून त्यांना रीतसर परवानगी मिळाली होती. गृहस्थ अतिशय सौजन्यशील. प्रौढ माणूस नैसर्गिक अवस्थेत कसा शिकतो ते पाहायचं असल्याने त्याला कोणी शिकवू नये, अशी त्यांनी नम्र विनंती केली. संगणकासोबत आलेलं माहितीपुस्तक 'बाह्य प्रभाव' ठरून कपाटात गेलं.

हेडक्लार्क अभिमन नाना पडद्यासमोर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "सर, हाई बठ्ठं मन्हा डोकाबाहेर शे."

"वा, नाना! सगळंच डोक्याबाहेर? असंच मोकळेपणाने बोलत राहा," प्राध्यापक लिहिता लिहिता म्हणाले.

नाना रोज बोलत राहिले. संगणकाच्या खोलीत एसी होता.

सुगराबींनी मात्र चुकत, खोडत, स्वतःशीच हसत आठवडाभरात एक अख्खं पत्र छापून काढलं. ते पाहून प्राध्यापकांचा चेहरा उतरला.

"बाई, इतक्यात? माझं पहिलं प्रकरणसुद्धा झालं नाही!"

"मग आता मी काय करू, सर? विसरू?"

विसरण्याची नियमात तरतूद नव्हती. शिकलेली व्यक्ती अभ्यासातून बाद, आणि बाद व्यक्तीला संगणकाच्या खोलीत प्रवेश नाही. सुगराबी बाहेर उकाड्यात बसल्या. ते पाहून इतर कर्मचारी सावध झाले आणि कोणीही काहीही शिकेना. प्राध्यापकांचं काम झपाट्याने पुढे सरकलं.

दिवाळी आली. कोण शिकलं, हे ठरवायला साहेबांनी अभ्यासाचाच आधार घेतला. त्यात नानांची प्रगती 'संथ पण आश्वासक' होती. सुगराबी अभ्यासातच नव्हत्या, म्हणजे शिकल्याचा पुरावा नव्हता. त्यांची धरणगावला बदली झाली.

पहिल्या दिवशी त्या एसटीत रडल्या. गोदामात पोचल्या तर तिथेही एक संगणक खोक्यात पडलेला. त्यावर कोणी संशोधन करत नव्हतं, म्हणून तो लगेच सुरू झाला. कापूस घेऊन आलेले शेतकरी वजनाच्या छापील पावत्या बघत म्हणू लागले, "अक्का, हाई तर भारी शे!"

इकडे धुळ्यात पत्रं छापायला कोणी उरलं नाही. ती सकाळच्या एसटीने धरणगावला जाऊ लागली आणि संध्याकाळी छापून परत येऊ लागली. अखेर मॅनेजरसाहेबांनी फोन केला.

"बाई, परत या."

"येते, साहेब. पण एसीच्या खोलीत बसेन, आणि अभ्यास मीच करेन."

त्या परत आल्या. प्राध्यापकांना पदवी मिळाली. त्यांच्या निष्कर्षांवरून खानदेशातल्या कचेऱ्यांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण निघालं. पुढे असली प्रशिक्षणं सगळीकडेच निघाली. आपणही एखाद्याला बसला असालच. तिथे काय शिकवलं?

असो. दुपारच्या जेवणातली शेवभाजी झणझणीत होती, एवढं तर आठवत असेल.