घोडीच्या झुलीची निवड समिती

बागेतल्या घोडीला उघड्यावर घालण्यायोग्य झूल निवडण्यासाठी आमच्या उद्यान कार्यालयाने समिती नेमली होती. तिचा सचिव या नात्याने मी सुरुवातीलाच नमूद करतो, की समितीने कामात तसूभरही कुचराई केलेली नाही. लोक काय, बोलतच असतात.

घोडी बावीस वर्षांची. मुलांची छोटी गाडी ओढते. तिचा तबेला सुशोभीकरणात पाडला गेला आणि त्या जागी तबेल्याचं सुंदर चित्र काढलेली भिंत उभी राहिली. घोडी त्या भिंतीशेजारी बांधलेली असते. यंदा थंडीतच पाऊस लागला आणि ती खोकू लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: पाठ कोरडी ठेवा, नाहीतर ही घोडी हिवाळा काढणार नाही.

ती चिठ्ठी घेऊन मामा माझ्या टेबलाशी आले. मामा म्हणजे घोडीची देखभाल करणारे. सगळं कार्यालय त्यांना मामाच म्हणतं. त्यांनी घोडीच्या छातीच्या मध्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत सुतळी धरून मापही आणलं होतं. म्हणाले, पाणी आत झिरपू नये, खांद्याला घासू नये, एवढं बघा. आणि फार जाड नको, आत घाम धरतो. मला हसूच आलं. वस्तू इतक्या सहज निवडता आल्या असत्या तर कार्यालयं कशाला लागली असती? सुतळीला पंच मारता येईना, म्हणून ती लिफाफ्यात घालून ‘परिशिष्ट अ’ म्हणून फाईलला जोडली.

पहिल्याच बैठकीत जाडीवर घोडं अडलं. अध्यक्षबाईंना पंखा एकवर असला तरी स्वेटर लागतो. त्यांनी सर्वांत जाड झूल सुचवली. अभियंतासाहेब भर थंडीत बाह्या दुमडून बसतात. त्यांच्या मते झुलीची गरजच नव्हती, कारण त्यांना उकडत होतं. भांडारप्रमुखांचे गुडघे धरतात, त्यामुळे झूल गुडघ्यांखालपर्यंत हवी असं त्यांनी लेखी टिपण दिलं. मामांना विचारावं, अशी एक सूचना आली. पण मामा पडले घोडीच्या बाजूचे. त्यांचं मत निःपक्षपाती कसं मानायचं?

मग दुकानदारांकडून चार नमुने मागवले. इथे एक नियम आडवा आला. नमुना घोडीवर घातला की तो वापरलेला ठरतो, आणि वापरलेला नमुना दुकानदार परत घेत नाही. तेव्हा चाचणी सदस्यांनी स्वतःवर घ्यावी असं ठरलं. अध्यक्षबाईंनी ‘ऊब समाधानकारक, मात्र पोटाखालचा पट्टा खुर्चीत अडकतो’ असा शेरा मारला. अभियंतासाहेबांनी आपला नमुना घरी नेला. उघड्यावरची चाचणी ते सध्या गॅलरीत घेत आहेत. तिसरा नमुना माझ्याकडे आहे. हे लिहिताना तो माझ्या मांडीवरच आहे. छान आहे हो, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात मामांनी एक आगळीक केली. कार्यालयाने त्यांना दिलेला रेनकोट त्यांनी घोडीच्या पाठीवर बांधला. गणवेशाचा रेनकोट मनुष्यप्राण्यासाठी असल्यामुळे त्यांना खुलासा विचारावा लागला. उत्तरात त्यांनी एवढंच लिहिलं: “मला आडोशाला जाता येतं. ती बांधलेली आहे.” उत्तर विषयाला धरून नव्हतं. रेनकोट जमा करून घेतला. मला वाईट वाटलं, नाही असं नाही; पण पावती मी स्वतः नीट अक्षरात लिहून दिली.

जाडीचा प्रश्न सर्वांच्या थंडीची सरासरी काढून सुटला. उरला रंग. बाग सार्वजनिक, तेव्हा रंग जनतेने निवडावा हे ओघानेच आलं. मोबाईलवरून मत द्यायचं, सोबत घोडीचा स्वतः काढलेला फोटो जोडायचा, म्हणजे बनावट मतं नकोत. चार दिवसांत नऊ हजार मतं आली. इतका उत्साह आम्ही कचऱ्याच्या प्रश्नावरही पाहिला नव्हता. निळी आणि हिरवी झूल अगदी बरोबरीत राहिली. तपकिरी रंग घोडीच्या भावना दुखावतो असं एक निवेदनही आलं. बरोबरी फुटेना, म्हणून मुदत आठवडाभर वाढवली.

आज सकाळी मामा आले ते निथळत. झुलीचं काहीच विचारलं नाही त्यांनी. घोडीनं कालपासून दाण्याला तोंड लावलं नाही, म्हणाले. मी त्यांना धीर देण्यासाठी मतांचा आकडा दाखवला.

“नऊ हजार माणसं तिच्यापर्यंत येऊन गेली?” मामांनी विचारलं.

“पुरावा आहे, मामा. प्रत्येकाचा फोटो आहे.”

“मग साहेब, त्यातल्या एकानंही तिच्यावर काही टाकलं कसं नाही?”

मी फाईल उघडून त्यांच्यापुढे फोटो चाळू लागलो. त्यात तुमचाही निघाला. काल सकाळी, छत्रीखाली उभं राहून काढलेला. फार स्पष्ट आलाय; तिच्या पाठीवरचे थेंबसुद्धा मोजता येतात. खाली तुम्ही लिहिलंय, ‘निळीच हवी.’