आप्पांचा त्रोत्वार

आमच्या प्रकाशा गावात फुटपाथ नाही, पण शेजारच्या आप्पांकडे 'त्रोत्वार' आहे. लांबी त्यांच्या घराएवढी. एका टोकाला गटार, दुसऱ्या टोकाला माझा ओटा.

आप्पा एसटीतले निवृत्त कंडक्टर. घरी आलेल्या पाहुण्यालासुद्धा "चला, पुढे सरका" म्हटल्याशिवाय बसू देत नाहीत. त्यांची लेक वैशाली नोकरीला फ्रान्सला गेली आणि व्हिडिओ कॉलवर तिथली रस्त्याकडेची फरसबंद वाट, म्हणजे त्रोत्वार, दाखवू लागली. तेव्हापासून गल्लीचे कान किटले.

"फ्रान्सवाला त्रोत्वार म्हनतस. हॉलंडवाला बी, स्वीडनवाला बी, रशियावाला बी! एकमेकसनं तोंड देखतस नहीत, पन चालानी जागाले नाव एक!"

"आन् आपलाकडे?" मी विचारलं.

"जागाच नही, त नाव कसाले?"

एकदा त्यांनी भजीवाल्याची गाडी हलवायला घेतली. "हाऊ त्रोत्वार शे! चला, पुढे सरका!" भजीवाल्यानं दोन गरम भजी हातावर ठेवली आणि युरोप तिथंच थंडावला.

दिवाळीनंतर नवराबायको लेकीकडे जाणार होते. तेवढ्यात जिजींना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला. प्रवास राहिला. जिजी खाटेला खिळल्या. बाहेर यायचं तर ओट्याच्या उंच पायऱ्या. आता तरी हे खूळ जाईल, असं आम्हाला वाटलं.

तर आप्पांनी गवंडी आणून स्वतःचा ओटाच फोडला! ज्या ओट्यावर बसून सारी गल्ली रोज जगाची उणीदुणी काढायची, तिथं दारातून उतार, पुढं फरशी आणि कडेनं पाइपचा कठडा. बेघर झालेली बैठक माझ्या ओट्यावर आली.

"आप्पा, हाऊ त्रोत्वार जास कोठे?" कुणीतरी खवचटपणे विचारलं.

"मन्हा दारपासून मन्हा दारपावत."

सगळे खो खो हसले. मीही.

जिजी आधारानं उभ्या राहू लागल्या, तशी परवा संध्याकाळी आप्पांनी कठड्याला फोन बांधला. फोनमध्ये वैशाली तिच्या त्रोत्वारवर उभी होती. जिजींचा एक हात कठड्यावर, एक आप्पांच्या हातात. माय इथं चालू लागली, लेक तिथं. चार पावलांवर जिजी थांबल्या, धापा टाकू लागल्या. आता "पुढे सरका" येणार म्हणून आम्ही कान टवकारले.

"घाई नही शे वं," आप्पा हळूच म्हणाले. "पोर थांबेल शे तठे."

वैशाली खरंच थांबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्याही ओट्यासाठी गवंड्याला निरोप धाडला. संध्याकाळी बैठक नेहमीसारखी माझ्या ओट्यावर टेकायला आली.

म्हटलं, "चला, पुढे सरका."