हरण्याचा सराव

खेळ एकाचा, नाव दुसऱ्याचं आणि घाम तिसऱ्याचा, हा इतिहासाचा नियमच आहे. बॅडमिंटनने बाळसं धरलं पुण्यात, बारसं झालं विलायतेतल्या एका हवेलीत आणि नांदायला ते आलं जावात. नियम सोपे. पिसांचं फूल जाळीपलीकडे मारायचं. पलीकडे अधिकारी असल्यास अलीकडेच पाडायचं. (हे पोटकलम छापील पुस्तकात नाही.)

तिथल्या सोलो शहराजवळच्या एका वस्तीत दर स्वातंत्र्यदिनी तालुक्याचे साहेब एक सामना खेळत. यंदा समोर होता टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणारा वागिमान, वस्तीतला सर्वांत तरबेज खेळाडू. (निवडीचा निकष : ज्याला हरवणं शोभून दिसेल असा.) वस्तीच्या एकुलत्या कोर्टावर कचेरीचा वाहनतळ करावा असं साहेबांच्या मनात होतं. निर्णय सामन्यानंतर, त्यांच्या मूडप्रमाणे व्हायचा होता.

"जिंकून आलात ना, तर आतून कडी लावीन," वागिमानला त्याची बायको सुमिनी हिने बजावलं होतं.

अडचण एवढीच, की साहेबांची सर्व्हिस जाळी ओलांडेना. गुण वागिमानला. मग वागिमानही आपली सर्व्हिस जाळीत मारी. गुण साहेबांना. (हात ऐकत नव्हता, त्याला अक्षरशः दटावावं लागे.) फूल एकदाही पलीकडे न जाता एकोणतीस-एकोणतीस झाले. पुढचा गुण शेवटचा आणि सर्व्हिस साहेबांची.

फूल जाळीत.

"वारा! पुन्हा घ्या साहेब!" पंच तुकिरानकाका ओरडले. (कोर्टाला चारी बाजूंनी भिंती आहेत.) तीनदा वारा सुटल्यावर काका हळूच म्हणाले, "वागिमान, जाळी उंच बांधलीयस लेका. सोड दोरी."

ती जाळी तो दर आठवड्याला स्वतः ताणून बांधी. गाठ सोडताना त्याचे डोळे भरून आले. जाळी गुडघ्यापर्यंत उतरली, फूल पलीकडे गेलं आणि वागिमान ते पडेपर्यंत अदबीने बघत राहिला.

"एवढा खेळ माझ्या अंगात होता, आणि मला पत्ता नाही!" साहेब गहिवरले. "वाहनतळ रद्द! आता रोज संध्याकाळी मी इथे सराव करणार. बाकी कुणाला आत सोडू नका, माझं लक्ष विचलित होतं. वागिमान, तू मात्र यायचंस."

अशा प्रकारे कोर्ट वाचलं. वागिमान तिथे रोज हरतो. वस्ती बाहेरून टाळ्या वाजवते.

वाचकहो, त्याला खुशाल हसा. फक्त काल तुमच्या साहेबांचा तोच विनोद पाचव्यांदा ऐकून जेवढ्या मोठ्याने हसलात, त्याहून मोठ्याने नको. त्यांना फरक कळेल.