वांग आजोबांचं हिरवं पाकीट

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि बघा: तैवानमधल्या तैनान शहरातल्या एका इस्पितळातली खोली. खाटेवर वांग आजोबा. आहेत रबरी, पण छाती वरखाली होते, नाडी लागते, आणि शेजारच्या खोलीतून कुणी माइकवर कण्हलं की तेही कण्हतात. तरुण डॉक्टरांचा हात बसतो तो यांच्यावरच. उशाशी कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट. ते उशाशी असलं की आजोबांचं यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

आज परीक्षा होती, पण डॉक्टरांची नव्हे, रुई-वेनची: असे सराव घेणारी शिक्षिका होण्याची. सराव संपल्यावर डॉक्टरांना बोलतं करायचं, त्यांच्या चुका त्यांच्याच तोंडून वदवायच्या. वीस वर्षं नर्स असलेल्या रुई-वेनला सगळं यायचं, फक्त गप्प बसणं जमायचं नाही. त्यापायी ती दोनदा नापास झाली होती.

"प्रश्न विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा," परीक्षक काओ सरांनी पुन्हा बजावलं. "ही शेवटची संधी हं!"

बुधवारी शाळा अर्धीच, म्हणून तिची सात वर्षांची लेक थांग-थांग कोपऱ्यात बसली होती.

सराव रंगात आला आणि काओ सरांची नजर उशाकडे गेली. पाकीट गायब!

"अरे, पाकीट कुठंय? शोधा, शोधा!" परीक्षकपणा विसरून सर स्वतःच खाटेखाली शिरले. त्याच क्षणी आजोबांची छाती थांबली, नाडी दाखवणारा पडदा काळा झाला.

"बघा! झालं की नाही?" खाटेखालून आवाज आला.

सराव तिथंच थांबला, आणि सगळे गोल करून बसले. रुई-वेनने विचारलं, "आजोबा थंड पडले, तेव्हा तुमच्या मनात काय आलं?"

एक. दोन. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. पाच. तिच्या जिभेला नुसती खाज सुटली. सात. आठ...

कोपऱ्यातून आवाज आला, "कुर्रम्!"

ओठांवर आलेलं "कार्टे!" रुई-वेनने गिळलं. "थांग-थांग, पाकीट तू खाल्लंस असं वाटतंय. तेव्हा काय विचार केलास, बाळा?"

"त्याची तारीख आज संपत होती. तारीख उलटली की यंत्र रुसतं, असं तूच म्हणतेस ना? म्हणून आजच संपवत होते."

एक. दोन. तीन. सगळ्यांत धाकट्या डॉक्टर लिनने हळूच हात वर केला. "ताई, पाकिटाचा दोष नाही. प्लग निघाला होता. मी पाहिलं, पण..."

रुई-वेनने दातांखाली जीभ धरली. चार. पाच.

"पण तो सरांच्याच पायात अडकून निघाला. सरांना कसं सांगणार?"

काओ सरांचे कान लालबुंद झाले. त्यांनी वांग आजोबांकडे पाहिलं, मग लिनकडे. "खरा माणूस असता, तर माझ्या धाकापायीच गेला असता की रे!" त्यांनी कागदावर सही ठोकली. "रुई-वेन, उत्तीर्ण!"

टाळ्या कडाडल्या. सर उठले, त्यांनी घसा खाकरला. "आता यावरून शिकण्यासारख्या नऊ गोष्टी. पहिली—"

थांग-थांग पुढे झाली, तिने पाकिटातला शेवटचा कुरकुरा सरांच्या उघड्या तोंडात घातला, आणि बोटं मिटत मोजू लागली, "एक... दोन..."