सासुरवाडीच्या टेबलावर कर्लिंग

एखादा कागद कुणाच्या हाती लागू नये असं वाटत असेल, तर तो कुलपात ठेवायचा नाही, सगळ्यांत कंटाळवाण्या फायलीत लावून टाकायचा. रेकॉर्डकीपरला ही शिकवण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मिळाली होती. नकाशा कार्यालयाच्या तळघरात एकोणीस वर्षं काढल्यावर या तत्त्वावर त्याचा बायकोपेक्षाही जास्त विश्वास बसला होता. (बायकोला हे माहीत नव्हतं. तिला आणखीही बरंच काही माहीत नव्हतं, म्हणून तर ही गोष्ट.)

झालं असं की, दोन महिन्यांपूर्वी डबा खाता खाता त्याने मोबाईलवर कर्लिंग नावाचा खेळ पाहिला. बर्फाच्या लांबलचक पट्टीवर एक खेळाडू वीस किलोचा गुळगुळीत दगड सरकवत सोडते, दोघी त्याच्यापुढे झाडूसारख्या ब्रशने बर्फ घासत धावतात, आणि दगड पलीकडच्या वर्तुळात थांबावा म्हणून चौथी जिवाच्या आकांताने ओरडते. खेळ समजायला त्याला चार दिवस लागले. खेळाडू पहिल्या मिनिटातच आवडल्या. दगड सोडताना एक गुडघा दुमडून, हनुवटी पार बर्फाजवळ नेऊन त्या समोर अशा काही बघत की, आपल्याकडे इतक्या लक्षपूर्वक आजवर फक्त ऑडिटरने पाहिलंय, असं त्या तळघरातल्या माणसाला वाटून गेलं. घरातला झाडू कुठल्या दाराआड असतो हे त्याला शपथेवरही सांगता आलं नसतं, पण बर्फावर झाडणाऱ्या बायकांचे फोटो तो जमवायला लागला.

नुसते जमवले असते तरी चाललं असतं. इंटरनेटवर अशाच रिकामटेकड्या रसिकांचा एक ग्रुप होता. तिथे हा रोज दुपारी एक फोटो टाके आणि खाली स्वतःची एक ओळ जोडे. ‘अशी बघू नकोस, बर्फ वितळेल.’ ‘दगड पुढे गेला, आम्ही मात्र इथेच राहिलो.’ ‘कप्तान रागावली की जास्तच गोड दिसते.’ ज्याच्या रजेच्या अर्जालाही कुणी कधी होकार दिला नव्हता, त्याच्या एकेका ओळीला दीडदीडशे लोक पसंतीचा अंगठा द्यायला लागले. माणूस हवेत गेला.

फोटो ठेवायचे कुठे, हा प्रश्न त्याने तत्त्वानुसार सोडवला. बायकोने पूर्वी कधीतरी तिच्या आईवडिलांना पाठवण्यासाठी दोघांच्या मोबाईलवर मिळून एक अल्बम उघडला होता. त्यात घरातले नऊ फोटो पडले आणि मग सगळे तो विसरले. याहून मेलेली फाईल शोधून सापडली नसती. त्रेचाळीस खेळाडू, ओळींसकट, त्याने तिथे नेऊन ठेवल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ रविवारी सकाळी नऊ वाजता उघडली. बायको केस विंचरता विंचरता म्हणाली की, ताईने परवा आईबाबांना फोटोची इलेक्ट्रिक फ्रेम दिलीय. आपला तो जुना अल्बम तिने त्याला जोडून दिलाय, त्यात जे काही असेल ते आपोआप एकामागून एक दिसत राहतं, खाली काय लिहिलंय तेसुद्धा. आणि फोटो कुणी टाकला त्याचं नावही येतं म्हणे. दहाच्या बसने जाऊन बघू या.

रेकॉर्डकीपरच्या तोंडचं पाणी पळालं. अल्बममध्ये त्याचं नाव बायकोने हौसेने ‘जावई’ असं घातलेलं होतं.

इथे त्याच्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. ते निवृत्त जेलर होते. निवृत्तीनंतर माणसं फुलझाडं लावतात, नातवंडं खेळवतात; यांनी फक्त कैदी बदलले होते. त्यांच्या घरी चपला काढल्या तरी त्या जमा करून घेतल्यासारख्या वाटत. ते ओरडत कधीच नसत. समोरचा आपणहून कबूल होईपर्यंत ते नुसतं बघत, आणि बारा वर्षांत या जावयाने न केलेले दोन गुन्हेही कबूल केले होते. आता तर केलेला होता, तोही त्रेचाळीस वेळा, आणि प्रत्येकाखाली सही.

त्याने पोट दुखत असल्याचं सांगून पाहिलं. बायको म्हणाली, आईकडे औषध आहे. मग त्याने बाथरूमची कडी लावली आणि मोबाईल उघडला. अजून वेळ गेलेली नव्हती. फोटो पुसले की पुरावा संपला, विचारलंच कुणी तर म्हणायचं, मशीनमध्ये काही बिघाड असेल. पण घाईघाईत एक फोटो निवडायला गेला की दुसराच मोठा होऊन समोर येई, आणि ती सोनेरी वेणीवाली कप्तान त्या बाथरूममध्येही त्याच्याकडे रोखून बघे. बाहेरून बायकोने दार वाजवलं. बस चुकेल, म्हणाली.

अशा वेळी माणसाची बुद्धी धावत नाही, सवय धावते. रेकॉर्ड रूममध्ये दर पाच वर्षांनी जुने कागद नष्ट करतात, तेव्हा ढिगाऱ्यातल्या जतन करायच्या कागदांवर खूण करायची आणि बाकीचं सगळं नष्ट, असा नियम असतो. त्रेचाळीस फोटोंवर खुणा करण्यापेक्षा घरच्या नऊ फोटोंवर खुणा करणं सोपं होतं. त्याने भराभर नऊ खुणा केल्या. मोबाईलने विचारलं, नक्की पुसायचे का? त्याने हो म्हटलं. पुन्हा विचारलं, कायमचे? त्याने देवाचं नाव घेऊन पुन्हा हो म्हटलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

मोबाईलला नकाशा कार्यालयाचे नियम माहीत नव्हते. त्याच्या हिशेबी ज्यावर खूण, ते नष्ट.

हे त्याला बसमध्ये कळलं. बायकोला खिडकीजवळ बसवून, मान वळवून त्याने खात्री करण्यासाठी अल्बम उघडला, तर त्यात घरचं एकही माणूस उरलं नव्हतं. होत्या त्या त्रेचाळीस खेळाडू, आता अगदी मोकळ्या जागेत. पुन्हा खुणा करायला जावं तर रस्त्याच्या त्या भागात नेटवर्कचं चाक नुसतं फिरत होतं, आणि फिरता फिरताच मोबाईलची बॅटरी संपली. बायकोने त्याचा घामेजलेला चेहरा बघून त्याच्या कपाळाला हात लावला, आणि खरंच बरं वाटत नाहीये का, म्हणून इतक्या मायेने विचारलं की त्याला तिथल्या तिथे बसमधून उडी मारावीशी वाटली. ही बाई आपल्यावर विश्वास ठेवते, आणि अजून वीस मिनिटांनी ठेवणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. कंडक्टरने तिकीट विचारलं तेव्हाही तो दचकला.

सासऱ्यांनी दार उघडलं. आणि नुसते बघत बाजूला झाले. बैठकीच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर, ती फ्रेम उभी होती. चांगली ताटाएवढी मोठी. तिच्यात कप्तान गुडघ्यावर बसली होती आणि खाली ठळक अक्षरांत झळकत होतं: ‘अशी बघू नकोस, बर्फ वितळेल. – जावई’.

बायको टेबलापाशी जाऊन उभी राहिली. दर दहा सेकंदांनी चित्र बदलत होतं. पाच झाले, दहा झाले. ती प्रत्येक ओळ सावकाश वाचत होती, आणि तिच्या पाठीवरून तिच्या मनात काय चाललंय हे काही केल्या कळत नव्हतं. तिने आरडाओरडा केला असता तर फार बरं झालं असतं.

“आपले फोटो कुठे गेले?” तिने शेवटी विचारलं.

सासरे खुर्चीत बसून जावयाकडे बघत होते. व्हायचं तेच झालं. त्याने एका दमात सगळं कबूल केलं: डबा, दगड, ग्रुप, मेलेली फाईल, बाथरूम, खुणा. विचारलं नव्हतं तरी पोटदुखी खोटी होती हेही सांगितलं.

“म्हणजे खेळाडू जतन केले आणि कुटुंब नष्ट केलं,” सासरे म्हणाले.

“चुकून झालं, बाबा.”

“भिंतीवर चढलेला प्रत्येक जण मला हेच सांगायचा.”

बायको वळली. तिचे डोळे भरलेले होते, आणि ते बघून त्याच्या पोटात खरोखरच दुखायला लागलं.

“बायकांचे फोटो बघितलेस त्याचं मला काही नाही,” ती म्हणाली. “मीही बघते टीव्हीवरचे हिरो. पण माझा बागेतला फोटो होता ना त्यात, त्याखाली तू काय लिहिलं होतंस, आठवतंय?”

त्याला आठवत होतं. ‘पत्नी, बागेत, दुपारी.’ एकोणीस वर्षं नकाशांना चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या हाताने बायकोलाही चिठ्ठी चिकटवली होती. ज्यांची भाषा येत नाही, ज्यांना आपण कधी दिसणारही नाही, त्यांच्यासाठी त्रेचाळीस ओळी सुचल्या, आणि हिच्यासाठी एक सुचली नाही. त्याला सासऱ्यांची भीती वाटत होती ती कुठल्या कुठे गेली, आणि या नव्या भीतीपुढे ती जुनी फारच सुसह्य होती असं त्याला कळून चुकलं. दगडापेक्षा वीट मऊ.

बायकोने स्वतःचा मोबाईल त्याच्या हातात दिला. “आत्ता काढ फोटो. आणि लिही.”

ती टेबलाशेजारी उभी राहिली, हाताची घडी घालून, नाकाचा शेंडा लाल झालेला. त्याने फोटो काढला. मग ओळ लिहायला बसला. दीडशे अंगठे मिळवणाऱ्या कवीला काही म्हणता काही सुचेना. चार वेळा लिहून पुसलं. सासरे घड्याळाकडे बघत होते. अखेर त्याने जे मनात होतं तेच लिहिलं आणि फोटो अल्बममध्ये ढकलला. मिनिटभराने फ्रेममध्ये बायको आली. खाली ओळ होती: ‘हिची मला फार भीती वाटते, आणि ही नसली तर त्याहून जास्त.’

बायकोने ती दोनदा वाचली. मग नाक पुसून म्हणाली की, घरी गेल्यावर बघते तुझ्याकडे. पण ते म्हणताना तिचा आवाज निवळला होता.

एवढ्यात सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांना घडल्या प्रकाराचा पत्ताच नव्हता. उलट त्या जावयावर भलत्याच खूश होत्या. गेले दोन दिवस दोघं टेबलासमोर खुर्च्या टाकून त्या पोरींचा खेळ बघत होती. ती कप्तान तर यांना आपल्या थोरल्या लेकीसारखी वाटते, त्या म्हणाल्या. (सासरे खिडकीबाहेर बघायला लागले.) या खेळात पुरुष नसतात का, असतील तर त्यांचेही थोडे टाका, असंही त्यांनी सुचवलं. रेकॉर्डकीपर खुर्चीत सैलावला. त्याने चहाचा पहिला घोट घेतला, आणि घरचे नऊ फोटो बायकोच्या मोबाईलमध्ये असतील, आजच परत टाकतो, असं मोठ्या मनाने जाहीर केलं.

सासूबाईंनी घाईघाईने कप खाली ठेवला.

“टाका हो, सगळे टाका,” त्या म्हणाल्या, “फक्त तो कपाटासमोरचा तुमचा एकट्याचा आहे ना, तेवढा राहू द्या. आम्ही त्या मुली बघत निवांत बसलेलो असतो, आणि मध्येच एकदम तुम्ही येता. फार दचकायला होतं.”

चाळीस वर्षांच्या संसारात सासऱ्यांनी बायकोच्या कुठल्याही बोलण्याला कधी मान डोलावली नव्हती. आज डोलावली.